डाहलेममधील हाडे

बर्लिनच्या फुटपाथवर घरांच्या दारासमोर दहा सेंटिमीटर लांबी-रुंदीचे पितळी दगड बसवलेले दिसतात. त्यावर त्या घरात राहणाऱ्या माणसाचे नाव, जन्मसाल आणि नाझींनी त्याला कुठे नेऊन मारले, एवढेच कोरलेले असते. गुंटर डेमनिग या कलावंताने १९९०च्या दशकात सुरू केलेल्या या कामातून आज युरोपभर एक लाखावर दगड बसले आहेत. अक्षरे बारीक असल्याने वाचणाऱ्याला वाकावेच लागते.

मराठी पर्यटक मात्र असा न वाकता ब्रांडेनबुर्ग दरवाजा, संसदेवरचा १९९९चा काचेचा घुमट आणि भिंतीचे उरलेले तुकडे पाहून परततो. ते पाहावेतच. पण महाराष्ट्राशी थेट नाते असलेली एक वास्तू सहलवाल्यांच्या यादीत सहसा नसते. शहराच्या नैर्ऋत्येला, डाहलेम उपनगरात, ईनेश्ट्रासे २२ या पत्त्यावर १९२७ मध्ये कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्था उघडली. संचालक होते ऑयगेन फिशर. वंशावरून माणसाची प्रत ठरते, असे मानणारे हे त्या काळचे मोठे प्रतिष्ठित नाव.

त्यांच्या हाताखाली पीएच.डी.साठी पुण्याहून आल्या इरावती कर्वे. विषय फिशर यांनीच दिला. युरोपीय माणसाचा मेंदू अधिक तर्कशुद्ध असतो आणि त्यामुळे त्याच्या कवटीची उजवी-डावी बाजू असमान असते, असा त्यांचा कयास होता. विद्यार्थिनीने तो सिद्ध करायचा होता. बाईंनी दीडशेच्या आसपास कवट्या मोजल्या. असमानता सगळ्यांतच निघाली, तिचा वंशाशी मेळ लागेना. मग त्यांनी तसेच लिहिले. गाइडचे मत खोडणारा प्रबंध त्याच गाइडच्या हाती द्यायचा, तोही परक्या देशात! आजही आपल्या विद्यापीठांत हे किती जणांना जमेल, ही शंकाच आहे. पुढे पुण्यात जातींचा अभ्यास करताना शरीराची मापे घेणे मात्र बाईंनी सोडले नाही, हेही नोंदवायला हवे.

संस्था दुसऱ्या वाटेने गेली. फिशर यांच्यानंतर १९४२ मध्ये ओटमार फॉन फर्शूअर संचालक झाले. आउश्वित्झमधला डॉक्टर योझेफ मेंगेले हा त्यांचा जुना सहायक. छावणीत मारलेल्या माणसांचे अवयव तिथून डाहलेमला येत असत. युद्धानंतर फर्शूअर यांना पुन्हा प्राध्यापकी मिळाली. ही इमारत पुढे फ्री युनिव्हर्सिटीकडे आली आणि भिंतीवर माहितीची पाटी लागायला १९८८ साल उजाडले. जर्मनीने भूतकाळाला लगेच तोंड दिले, असे समजणाऱ्यांनी हे साल लक्षात ठेवावे.

२०१४ मध्ये याच परिसरात बांधकामासाठी खोदताना मानवी हाडे सापडली. पुढच्या उत्खननांत हजारो तुकडे हाती आले. आउश्वित्झचे बळी की वसाहतींतून आणलेले सांगाडे? डीएनए तपासणी करता आली असती. मात्र विद्यापीठ, कैसर विल्हेल्म संस्थांचा वारसा चालवणारी माक्स प्लांक सोसायटी आणि ज्यू, सिंती-रोमा व आफ्रिकी समाजांचे प्रतिनिधी यांनी मिळून ती न करण्याचे ठरवले. त्याच हाडांची वंशावरून पुन्हा वाटणी करणे म्हणजे फिशर यांचेच काम पुढे चालवणे झाले असते. मार्च २०२३ मध्ये ती सर्व हाडे डाहलेमच्या दफनभूमीत एकत्र पुरण्यात आली.

त्याच वर्षी, त्याच शहरात, नेमके उलटे घडले. जर्मन पूर्व आफ्रिकेतून आणलेल्या अकराशेहून अधिक कवट्या बर्लिनच्या संग्रहालयांकडे होत्या. त्यांतील काहींची डीएनए तपासणी झाली आणि टांझानियात त्यांचे हयात वंशज सापडले. डाहलेमची हाडे घरी न्यायला कोणी ओळखीचे उरले नव्हते. टांझानियातली माणसे मात्र आपल्या पूर्वजांची डोकी परत मागत होती.