आप्त

पुण्यात खोली घेतली तेव्हा आईने कराडहून तीन वस्तू बांधून दिल्या: इंडक्शनची शेगडी, न्हाणीघरात टाकायला रबरी चटई आणि नरसोबाच्या वाडीचा अंगारा. मी पंधरा वर्षांची असल्यापासून मला फीट येते. आग, पाणी आणि उंची या तिघांपासून मला जपायचं, हे आमच्या घरात पाढ्यासारखं पाठ आहे. आगीचा बंदोबस्त इंडक्शनने झाला, पाण्याचा चटईने. खोली दुसऱ्या मजल्यावर होती, तेव्हा उंची दत्तमहाराजांवर सोपवली.

वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी मी पहिल्यांदा एकटी राहायला निघाले होते. काम मुद्रितशोधनाचं. शिक्षण तत्त्वज्ञानात एम. ए., पण ते सांगितलं की लोक ‘मग करता काय?’ असं विचारतात, म्हणून मी आधी मुद्रितशोधन सांगते. माझ्या दुखण्याचं नाव ज्युव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी. सकाळी उठल्या उठल्या हात एकदम उडतो आणि हातातला कप भिंतीवर जातो. कधी तेवढ्यावरच भागतं, कधी मागोमाग मोठी फीट येते. जागरण तिला फार मानवतं. पहिली आली तीही दहावीच्या अभ्यासाच्या जागरणात. लेव्हेटिरासिटॅमची गोळी सकाळ-रात्र, बहुधा जन्मभर. गोळी आणि झोप सांभाळली तर वर्ष वर्ष काही होत नाही.

घर सोडण्याला आपल्याकडे फार मान आहे. सिद्धार्थाने सोडलं. ज्ञानेश्वरांच्या वडिलांनी सोडलं आणि गुरूच्या सांगण्यावरून पुन्हा धरलं. पण घर सोडायलाही पात्रता लागते. विनयपिटकातल्या महावग्गात मगधाची गोष्ट आहे. तिथे पाच रोग बळावले होते. लोक जीवक वैद्याकडे गेले, पण तो बिंबिसार राजाचा आणि भिक्खुसंघाचा वैद्य, त्याला इतरांसाठी सवड नव्हती. मग लोकांनी शक्कल काढली: भिक्खू व्हायचं, औषध घ्यायचं, बरं वाटलं की चीवर उतरवून घरी जायचं. हे लक्षात आल्यावर जीवकाने बुद्धाला गाठलं आणि नियम झाला की या पाचांपैकी एखादा रोग असणाऱ्याला प्रव्रज्या देऊ नये. त्या यादीतला पाचवा रोग अपमार, म्हणजे आपला अपस्मार. थेरवादी परंपरेत उपसंपदेच्या, म्हणजे पूर्ण भिक्खू होण्याच्या वेळी या पाच रोगांबद्दलचे प्रश्न आजही विचारले जातात.

मला या नियमाचा राग येत नाही. संघाला किती पेलेल याचा तो हिशेब होता. पण नवी पेठेतल्या एका जिन्यात घरमालकीणबाईंनी ‘आजारबिजार काही नाही ना?’ असं विचारलं, तेव्हा मला मगधातल्या त्या माणसांची आठवण झाली. पहिल्या दोन ठिकाणी मी खरं सांगितलं. एकीकडे उत्तर आलं, ‘घरात म्हातारी माणसं आहेत हो, घाबरतील.’ दुसरीकडे अचानक त्यांचा भाऊच राहायला येणार असल्याचं निघालं. तिसऱ्या ठिकाणी घरमालक काकांनी विचारलं, तेव्हा मी म्हटलं, ‘नाही.’ अकरा महिन्यांचा करार झाला. ते ‘नाही’ मी बरोबर घेऊनच खोलीत शिरले.

सप्टेंबरात दिवाळी अंकांची घाई सुरू झाली. तीन रात्री दीड-दोनपर्यंत प्रुफं वाचली. चौथ्या दिवशी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी दूध तापत ठेवलं. त्यानंतरचं जे आठवतं ते ओट्याखालच्या फरशीचं. डोळ्यांसमोर फरशीची एक फट होती आणि तिच्यात अडकलेला मोहरीचा दाणा. हा दाणा बघणारं कोणीतरी आहे आणि ते कोणीतरी म्हणजे मी, हे जुळायला बराच वेळ लागला. घड्याळात सातला दहा कमी होते.

मग मी तपासाला लागले. जिभेची उजवी कड चावलेली. खांदा ठणकत होता. पायजमा ओला. कपाचे तीन तुकडे. गोळ्यांच्या डबीतला बुधवार रात्रीचा खण भरलेला. आणि खोलीभर करपलेल्या दुधाचा धूर.

धूर पाहून मला हसू आलं, जीभ दुखत असतानाही. न्यायशास्त्रात अनुमान शिकवायला एकच उदाहरण पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं आहे: पर्वतावर धूर दिसतो, त्या अर्थी तिथे अग्नी आहे. माझ्या ओट्यावर धूर होता आणि अग्नी नव्हता, कारण शेगडी इंडक्शनची होती आणि टायमर संपून ती केव्हाच बंद झाली होती. अनुमान कुठे घसरतं हे शिकवायला याहून सोयीचं स्वयंपाकघर मिळणार नाही.

पण त्या चाळीस मिनिटांबद्दल माझ्याकडे अनुमानाशिवाय दुसरं काहीच नव्हतं. वेदान्ती म्हणतात, गाढ झोपेतही जाणीव विझत नाही. पुरावा असा की झोपेतून उठलेला माणूस म्हणतो, मी सुखाने झोपलो होतो, मला काही कळलं नाही. हे त्याला आठवतं, आणि अनुभवल्याशिवाय आठवण होत नाही. तेव्हा त्या न-कळण्यालाही कोणीतरी साक्षी होतं. विद्यारण्यांच्या पंचदशीत ही मांडणी अगदी आरंभीच आहे. नैयायिकांना ती मान्य नाही. त्यांच्या मते ही आठवण नव्हे, हे अनुमान. अंग हलकं वाटतं, त्यावरून माणूस ताडतो की झोप चांगली लागली. जाणीव हा आत्म्याचा येणारा-जाणारा गुण आहे, ती नसतानाही आत्मा असतो.

एम. ए. ला हा वाद मी वीस गुणांसाठी लिहिला होता. ओट्याला टेकून बसल्यावर पहिल्यांदा कळलं की इथे आपल्याला बाजू घ्यावी लागणार. झोपेतून उठल्यावर ‘मी झोपले होते’ एवढं तरी म्हणता येतं. फीटनंतर तेही म्हणता येत नाही. सहा दहा आणि सहा पन्नास ही दोन टोकं मधला तुकडा कापून शिवल्यासारखी एकमेकांना चिकटलेली असतात. आपल्या भाषांनी या दुखण्याला नावच तसं दिलं आहे: स्मरण निघून जातं तो अपस्मार. आतला साक्षी असेलही, पण माझ्याबाबतीत तो कधी साक्ष द्यायला उभा राहिलेला नाही. मी नैयायिकांच्या बाजूला गेले. त्यांच्याकडे मला धीर मिळतो: जाणीव गेली म्हणजे मी गेले असं होत नाही. मी होते, फक्त मला ते ठाऊक नव्हतं.

मग ते ठाऊक होण्याचा मार्ग कोणता? प्रत्यक्ष नाही. अनुमान लंगडं. राहिलं शब्दप्रमाण, म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यावरून होणारं ज्ञान. दुसरा म्हणजे कोणीही सोम्यागोम्या चालत नाही, तो आप्त हवा. न्यायसूत्रांवरच्या भाष्यात वात्स्यायन आप्ताची व्याख्या करतो: ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. मराठीत मात्र हा शब्द लग्नपत्रिकेत जाऊन बसला. आपले आप्त म्हणजे नातेवाईक. भरवशाचा माणूस आणि रक्ताचा माणूस एकच, असं आपण धरून चालतो.

चौदा वर्षं माझी एकच आप्त होती, आई. माझी प्रत्येक फीट तिने पाहिली आणि माझ्यापर्यंत ती नेहमी एकाच वाक्यात पोचली: ‘काही नाही गं, जरा चक्कर आली तुला.’ किती वेळ? ‘झालं लगेच.’ डॉक्टरांपुढेही ती आकडा सांगायच्या आधी क्षणभर थांबायची. यात तिचा दोष काढणं सोपं आहे. पण तिच्या मनात काय असायचं ते मला माहीत आहे. १९७६ च्या दुरुस्तीपासून १९९९ पर्यंत हिंदू विवाह कायद्यात वेडाच्या झटक्यांना आणि अपस्माराला एकाच ओळीत बसवलेलं होतं. कायद्याने तो शब्द काढला तेव्हा मी तीन वर्षांची होते, पण बायकांच्या कुजबुजीत तो अजून शाबूत आहे. आधी एका देवऋषीने ‘बाहेरचं आहे’ म्हणून लिंबं उतरवली, मग एका मामीने ‘जमवताना बोलू नका’ म्हणून बजावलं. आईने जाणलं होतं सगळं. जसं जाणलं तसं सांगायची सोय तिला कोणी ठेवली नव्हती. वात्स्यायनाच्या व्याख्येतली पहिली अट ती पुरी करत होती. दुसऱ्या अटीत तिची माया आड येत होती.

आणि मी? त्या दिवशी रात्री आईचा फोन आला. जीभ का जड वाटते म्हणून तिने विचारलं. मी म्हटलं, ‘काही नाही गं, जरा चक्कर आली.’ फोन ठेवल्यावर बराच वेळ मी तो हातात धरून बसले. घरमालकांना ‘नाही’, आईला ‘चक्कर’. मलाही जसं जाणलं तसं सांगता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी दोन कामं केली. घरमालक काकांना जाऊन खरं सांगितलं. ते म्हणाले, ‘आधी सांगायला हवं होतं.’ हे बरोबरच होतं. पुढे ते काही बोलले नाहीत. मेमध्ये करार संपतो, तेव्हा कळेल. मग समोरच्या मावशींचं दार वाजवलं. मावशी डब्यांच्या पोळ्या करतात. पहाटे चारला त्यांच्याकडे दिवा लागतो, आणि माझी जोखमीची वेळ नेमकी पहाटेची. त्यांना सगळं सांगितलं, दुसरी चावी दिली. काय करायचं तेही सांगितलं: कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काहीतरी मऊ द्यायचं, घड्याळ बघायचं, पाच मिनिटांत थांबलं नाही तर दवाखाना. मावशींनी पीठ लागलेल्या हाताने चावी घेतली आणि देवघराच्या खिळ्याला अडकवली. ‘कांदा हुंगवायचा का?’ ‘नाही.’ ‘चप्पल?’ ‘नाही.’ ‘मग सोपंच आहे की,’ त्या म्हणाल्या.

संक्रांतीच्या आठवड्यात, सर्दी-तापात, पुन्हा आली. भानावर आले तेव्हा मावशी माझ्याजवळ फरशीवर बसल्या होत्या. मी विचारलं, काय झालं? त्यांनी सांगितलं ते शब्दाला शब्द माझ्या वहीत आहे. ‘पावणेसहाला धप्प आवाज आला. मी आले तेव्हा तू ताठ होतीस. मग हातपाय उडाले. ओठ निळे झाले होते, मी घाबरले. तीन मिनिटं चाललं, वर थोडं. मग घोरल्यासारखं केलंस, वीस मिनिटं. मधेच आईला हाक मारलीस. कपडे ओले झालेत, मी बदलले नाहीत, तुझे तू बदल.’

माझ्या तीन मिनिटांची इतकी सरळ हकिकत मला आजवर कोणी दिली नव्हती. तिच्यात मला बरं वाटावं म्हणून काही गाळलेलं नव्हतं, कणव यावी म्हणून काही वाढवलेलं नव्हतं. तुझे तू बदल, एवढ्या तीन शब्दांत माझी अब्रूही जिथल्या तिथे ठेवली होती. वात्स्यायन पुढे म्हणतो की आप्ताचं हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ सगळ्यांना सारखंच लागू आहे. जात, कूळ, विद्या काही आड येत नाही. मावशींची शाळा चौथीत सुटली. वहीतली नोंद वाचून डॉक्टरांनी गोळीचं प्रमाण वाढवलं.

रविवारी ती नोंद मी आईला फोनवर वाचून दाखवली. ओठ निळे झाले होते, तेही. ‘आईला हाक मारलीस’ इथे माझा आवाज अडकला, पण वाचलं. पलीकडे बराच वेळ काहीच आवाज नव्हता. मग आई म्हणाली, ‘दहावीच्या वर्षी तुला तीनदा आली होती. मी डॉक्टरांना दोनदा म्हणून सांगितलं. तिसरी गच्चीच्या जिन्यावर. सात-आठ मिनिटं चालली होती.’ आणि ती सांगत गेली, वर्षावार. मी वही ओढली आणि लिहून घेत राहिले. अकरा फिट्स माझ्या नावावर नव्याने जमा झाल्या. त्या रात्री माझी आई दोन्ही अर्थांनी माझी आप्त झाली.

एकटं राहायला निघाले तेव्हा मला वाटत होतं, कोणाची गरज न लागणं म्हणजे स्वतंत्र होणं. आता वाटतं की ज्याला सगळे क्षण स्वतःचे स्वतः आठवतात, त्याला ही चैन परवडत असेल. माझ्या आयुष्याचे काही तुकडे इतरांकडे ठेवलेले आहेत आणि ते परत मागायला मला त्यांच्या दारात जावं लागतं. कोणाच्या दारात जायचं, हे मात्र आता मी ठरवते.

रस्त्यात, बसमध्ये, कचेरीत कोणाला फीट आलेली कधी दिसली तर चावी, चप्पल, कांदा काही शोधू नका, तोंडात काही घालू नका. माणसाला कुशीवर वळवा आणि घड्याळ बघा. थांबल्यावर लगेच निघून जाऊ नका. ते माणूस शुद्धीवर आलं की विचारेल, काय झालं? तेव्हा जे पाहिलंत ते सांगा. कमी नको, जास्त नको.