नावानिशी उपकारस्मरण

शास्त्रपाठ : रोमकरांस पत्र १६:१-१६

रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा शेवटचा अध्याय आपण बहुधा घाईने उरकतो. नावांची यादीच ती, असे वाटते. परंतु कृपेचा गहन सिद्धान्त मांडणारा पौल पत्र संपविण्यापूर्वी २५ हून अधिक जणांचे स्मरण करतो. प्रिस्क व अक्विला यांनी त्याच्यासाठी जीव धोक्यात घातला, हे ऋण तो सर्वांसमक्ष मान्य करतो. रूफाच्या आईला तो आपलीही आई म्हणतो. घर सोडून वसतिगृहात राहणाऱ्यांना याचा अर्थ सांगावा लागणार नाही.

दिल्लीचे सेंट स्टीफन्स महाविद्यालय केंब्रिज मिशनने १८८१ साली स्थापिले. तेथे १९०४ मध्ये सी. एफ. अँड्र्यूज अध्यापक म्हणून आले. सुशीलकुमार रुद्र तेथे १८८६ पासून शिकवीत होते. १९०६ मध्ये प्राचार्यपद रिकामे झाले. इंग्रजाला डावलून भारतीयाला ते द्यावे, ही कल्पना त्या काळी अनेकांना पचणारी नव्हती. तरी अँड्र्यूज यांनी रुद्रांसाठीच आग्रह धरला, आणि रुद्र त्या महाविद्यालयाचे पहिले भारतीय प्राचार्य झाले. या मित्रामुळे भारत आपल्याला कधी परका वाटला नाही, असे अँड्र्यूज यांनी पुढे लिहून ठेवले. १९१५ साली गांधीजी दिल्लीस आले तेव्हा रुद्रांच्याच घरी उतरले. अँड्र्यूज जगाला ठाऊक झाले. रुद्रांचे नाव मात्र आपल्या मंडळ्यांत क्वचितच निघते.

आपल्या विद्यार्थी सहभागितांतही वर्षअखेरीस उपकारस्तुती होते. “प्रभूने सर्व पुरविले,” असे आपण म्हणतो, आणि ते सत्य आहे. पण कोणाच्या हातून पुरविले? देवाचे आभार मानले की माणसाचे देणे फिटले, अशी सोयीची समजूत आपण करून घेतो. पौलाने तसे केले नाही.

महाराष्ट्रातून दिल्लीस शिकावयास गेलेल्या मित्रा, भगिनी, आठवून पाहा. पहाटे निजामुद्दीन स्थानकावर तुम्हांस उतरवून घ्यावयास कोण आले होते? वसतिगृहात जागा मिळेपर्यंत आपल्या खोलीत कोणी ठेवले? नाताळात घरी जाता आले नाही, तेव्हा कोणत्या कुटुंबाने जेवू घातले? येत्या सभेत प्रार्थनेपूर्वी ती नावे मोठ्याने घ्या. आणि शिक्षण पुरे होऊन परतीची गाडी धरावयाची असेल, तर त्याआधी त्या घरी एकदा जाऊन या.