विनामूल्य श्रमांवर सत्ता कोणाची?

चेन्नईतील एग्मोर भागात सेंट अँड्र्यूज चर्चची भव्य इमारत आहे. १८२१ साली ती उपासनेसाठी खुली झाली. जमीन भुसभुशीत असल्याने बांधणाऱ्यांनी जमिनीत विहिरी उतरवून त्यांवर पाया घातला. घुमट पाहणाऱ्याची मान आपोआप वर जाते; पायाखालच्या विहिरींची आठवण मात्र कोणाला होत नाही.

भाषांतराच्या कामानिमित्त त्या भागात मुक्काम असताना तेथे स्थायिक झालेल्या एका मराठी कुटुंबातील तरुणाची भेट झाली. त्याने एक छोटी संगणक-आज्ञावली लिहून मूळ संहितेसह सर्वांना मोफत खुली केली आहे. तो म्हणाला, "काका, सहा वर्षे नोकरी सांभाळून रात्री जागून हे काम केले. परवा एका अनोळखी माणसाने लिहिले, जमत नसेल तर बाजूला व्हा. मी त्याचे काय देणे लागतो?"

प्रश्न साधा आहे, पण उत्तर सोपे नाही. जेथे पगार नाही, तेथे हुकूम कोणी कोणाला करावा? आणि हुकूमच नसेल, तर हजारो लोकांचे एकत्र काम चालावे कसे?

डेबियन या स्वयंसेवी प्रकल्पाचा आरंभ १९९३ साली झाला आणि १९९८ साली त्याने आपली लिखित घटना स्वीकारली. प्रकल्पाचे काम करण्याची सक्ती कोणावरही नाही, हे त्या घटनेचे एक मूलतत्त्व आहे. मात्र रीतसर झालेल्या निर्णयाच्या विरोधात कारवाया करण्याची मुभाही कोणाला नाही. नेता दरवर्षी मतदानाने निवडला जातो आणि त्याचे अधिकार मर्यादित असतात. मला यात मोठे शहाणपण दिसते. श्रम हे दान आहे. दानावर हक्क सांगता येत नाही. परंतु दान देणाऱ्यालाही इतरांचे काम मोडण्याचा परवाना मिळत नाही.

"जो काम करील तोच ठरवील," असे या क्षेत्रात अनेकदा म्हटले जाते. हे न्याय्य वाटते; तथापि ज्याच्यापाशी फुरसत अधिक किंवा ज्याच्यामागे धनाढ्य कंपनी उभी, त्याचाच शब्द शेवटी चालतो. पायथॉन या संगणकभाषेचे जनक खीदो व्हान रॉसम यांनी २०१८ साली अखेरच्या निर्णयाचा अधिकार आपण होऊन सोडला. २०१९ पासून पाच जणांचे निर्वाचित मंडळ तो अधिकार चालवते, आणि एकाच कंपनीचे दोनांहून अधिक नोकर त्यात असू शकत नाहीत. संस्थापकाने वेळीच बाजूला होणे आणि मागे रिकामी खुर्ची न ठेवता नियम ठेवणे, हे आपल्या किती संस्थांना साधले आहे?

सत्तेला आणखी एक लगाम आहे. संहिता खुली असल्यामुळे असमाधानी मंडळी तिची प्रत घेऊन वेगळी चूल मांडू शकतात. २०१० साली ओपनऑफिसमधून लिबरऑफिस असेच निघाले. फुटीची दुःखे आपण मंडळीत भोगली आहेत, म्हणून मला हा हक्क प्रथम खटकला. पण जाण्याची वाट मोकळी असली, की नेत्याला ऐकून घ्यावेच लागते. ही वाट रोज चालण्यासाठी नाही. ती आहे एवढे पुरते.

मग त्या तरुणाचे देणे काय? येथे एक्सझेड या दाब-आज्ञावलीची हकीकत आठवते. असंख्य संगणक तिच्यावर विसंबून होते, आणि ती बहुतांशी एकटा स्वयंसेवक सांभाळीत होता. २०२२ साली काम संथ चालते म्हणून त्याला टोचून लिहिले गेले. आपली प्रकृती बरी नसल्याचे त्याने सांगितलेही. मदतीला आलेल्या एका टोपणनावाच्या व्यक्तीने दीर्घ काळ चोख काम करून विश्वास मिळवला आणि शेवटी आज्ञावलीत गुप्त चोरवाट ठेवली. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एका कामात सुमारे अर्ध्या सेकंदाचा विलंब जाणवला, त्याने शोध घेतला आणि अनर्थ टळला.

यातून 'कोणावर विश्वास ठेवू नका' हा धडा काढणे चुकीचे ठरेल. खरा दोष त्या माणसाला एकटे टाकणाऱ्यांचा होता. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्याय करीत बसलेला पाहून इथ्रोने त्याला आळशी म्हटले नाही. भार वाटून घेण्याची व्यवस्था सांगितली.

मी त्या तरुणाला म्हणालो, "बाळा, तू आयुष्यभराच्या श्रमांचे देणे लागत नाहीस, पण सत्याचे लागतोस. थकलास तर तसे जाहीर सांग. योग्य माणसे पारखून त्यांच्या हाती काम सोपव. न सांगता अदृश्य होऊ नकोस."

तो हसून म्हणाला, "आणि वापरणाऱ्यांचे देणे?"

मी निरुत्तर झालो. मी स्वतः वर्षानुवर्षे अशाच खुल्या परवान्याच्या देवनागरी टंकात मजकूर जुळवीत आलो आहे. त्यातील चुका मी सहकाऱ्यांना चिडून सांगितल्या. करणाऱ्यांना कळवल्या नाहीत, आभारही मानले नाहीत. फुकट मिळालेल्या वस्तूविषयी तक्रारीचा हक्क आपण किती सहज गृहीत धरतो! खुल्या प्रकल्पाच्या कारभाराचे पहिले कलम कदाचित घटनेत नसून वापरणाऱ्याच्या मनात असावे लागते.

त्या रात्री मी दोन पत्रे लिहिली. एकात चूक कळवली, दुसऱ्यात आभार मानले. उशीर फार झाला होता.