वर्गणीची पावती

माझ्या कपाटात साड्यांच्या घडीखाली एक पावतीपुस्तक पडून आहे. बावीस पावत्या फाडलेल्या, बाकीच्या कोऱ्या. वर कॉलनीच्या असोसिएशनचा शिक्का आणि खाली खजिनदार म्हणून माझी सही. बावीसावी पावती कोपऱ्यावरच्या अम्मांची. ती फाडताना मला फार समाधान वाटलं होतं, शंभर टक्के वसुली झाली म्हणून. आता त्या समाधानाचीच लाज वाटते.

आमचं घर हैदराबादच्या पूर्वेला, उप्पलच्या बाजूला आहे. काचीगुड्यातलं भाड्याचं घर सोडून आम्ही इकडे आलो तेव्हा उप्पलची स्वतःची नगरपालिका होती. २००७ साली बारा नगरपालिका शहराला जोडून ग्रेटर हैदराबाद महानगरपालिका झाली, त्यात तीही गेली. पण आमची गल्ली तशीच राहिली. प्लॉट पाडणाऱ्याने नकाशावर बारा फुटांची आतली वाट दाखवली होती, पुढे बंद. ती रीतसर सार्वजनिक रस्ता म्हणून सोपवून देणं हे आम्हा प्लॉटवाल्यांचं काम होतं, आणि आम्ही कुणीच ते केलं नाही. घर बांधताना भिंतीचा रंग कोणता यावर महिनाभर चर्चा करणारी आम्ही माणसं; दारासमोरची जमीन कुणाच्या नावावर आहे हे वीस वर्षं कुणी विचारलं नव्हतं.

अशा खासगी रस्त्याचं काय करायचं याचं उत्तर कायद्याने फार पूर्वी दिलेलं आहे. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यात तरतूद आहे, की खासगी रस्त्याला लागून ज्यांच्या जागा आहेत त्या मालकांना लेखी नोटीस देऊन सपाटी, खडी, गटार, दिवे हे सगळं करायला लावता येतं आणि मग तो रस्ता सार्वजनिक म्हणून जाहीर होतो. हैदराबादचा १९५५ चा कायदा बराचसा त्याच वळणाचा. म्हणजे 'ज्याची जागा रस्त्याला लागून, त्याने रस्त्याचा खर्च द्यावा' ही कल्पना काही आमच्या असोसिएशनला नवीन सुचलेली नव्हती.

तर एका दिवाळीनंतर ठरलं, सिमेंटचा रस्ता करायचा. लांबी तीनशे साठ फूट, रुंदी बारा. कंत्राटदाराने चौरस फुटाला शंभर रुपये सांगितले, म्हणजे चार लाख बत्तीस हजार. घरं बावीस. मी बी. ए. मराठी आणि तत्त्वज्ञान विषय घेऊन केलेलं. पण एवढा भागाकार येतो. घरटी साधारण एकोणीस हजार सहाशे.

इथे पहिला वाद झाला. सगळ्यांना सारखं का? गल्लीच्या शेवटाला चार मजली इमारत आहे, तिच्यात आठ बिऱ्हाडं. पाण्याचे टँकर येतात ते त्यांच्यासाठी, आणि जुनी डांबरी वाट फोडली ती त्या टँकरनीच. मग वापराप्रमाणे घ्या, असं एकाने म्हटलं. पण वापर मोजणार कोण? कुणाची स्कूटर दिवसातून कितीदा गेली याची वही ठेवायची का? दुसऱ्याने म्हटलं, घराच्या किमतीप्रमाणे घ्या. त्यावर मोठ्या घरवाल्यांनी चहा न पिताच उठायची तयारी दाखवली. शेवटी तोडगा निघाला तो फुटाचा. ज्याची रस्त्याला लागून जितकी बाजू, तितके पैसे. दोन्ही बाजू मिळून सातशे वीस फूट, फुटाला सहाशे रुपये. टेप लावली की वाद संपला. सगळ्यांना ते फार शास्त्रशुद्ध वाटलं. मलाही.

या फुटांच्या हिशेबात आमच्या तीस फुटी घराला अठरा हजार येत होते. म्हणजे सारखी वाटणी करण्यापेक्षा सोळाशे रुपये कमी. बहुतेकांची घरं तीस फुटीच, त्यामुळे बहुतेकांचे सोळाशे वाचत होते. बैठकीत हे कुणी बोललं नाही. न्यायाच्या गोष्टी आपण करतो तेव्हा आपल्या फायद्याचा आकडा मनात आधीच तयार असतो, असं मला आता वाटतं. चार मजली इमारतीलाही अठराच हजार. त्या मालकाने हसत दिले आणि पुढच्या महिन्यापासून प्रत्येक बिऱ्हाडाचं भाडं पाचशेने वाढवलं. आठ बिऱ्हाडं, महिन्याला चार हजार, पाच महिन्यांत त्याचा रस्ता फुकट. बैठकीला न बोलावलेल्या भाडेकरूंनी तो दिला, आणि अजून देत आहेत.

सगळ्यात जास्त आले कोपऱ्यावरच्या अम्मांना. त्यांचं दार मोठ्या रस्त्यावर. गल्लीकडे नुसती साठ फुटांची कंपाउंड भिंत. साठ गुणिले सहाशे, छत्तीस हजार. अम्मा पंचाहत्तरीच्या, एकट्या, नवऱ्यामागच्या कुटुंब निवृत्तिवेतनावर राहणाऱ्या. मी गेले तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "मेरा दरवाजा तो उधर है बेटी, मैं इस गल्ली में कब आती?"

मी त्यांना समजावलं. रस्ता झाला की तुमच्या जागेचीही किंमत वाढेल, अम्मा. त्यांनी विचारलं, "मेरे को बेचना नहीं, तो किम्मत का क्या करना?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. जागेचा लाभ आणि जागेत राहणाऱ्या माणसाचा लाभ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्या एका वाक्यात सांगत होत्या, आणि मी पावतीपुस्तक मांडीवर घेऊन बसले होते.

पुढे जे केलं ते मी केलं. गल्लीच्या तोंडाशी असोसिएशनचा फळा आहे. त्यावर मी घर क्रमांक लिहिले आणि पैसे आले की पुढे बरोबरची खूण करत गेले. एकवीस खुणा झाल्या. एक जागा रिकामी राहिली. मी कुणाला वाईट बोलले नाही, फक्त खूण केली नाही. फळा अम्मांच्याच भिंतीला टांगलेला होता. दहा दिवसांनी त्यांनी मला बोलावलं. "सब लोगां दिये क्या?" मी हो म्हटलं. त्यांनी तीन हप्त्यांत छत्तीस हजार दिले.

लहानपणी पाठशाळेत अणुव्रतं पाठ केली होती. चोरी न करणं याला आमच्याकडे जो शब्द आहे तो 'अदत्तादान' न करणं. न दिलेलं घेऊ नये. चोरी म्हणजे रात्री भिंत फोडणं एवढीच माझी समजूत होती. पण हा शब्द घेणाऱ्याच्या हाताकडे बघत नाही, देणाऱ्याकडे बघतो. दिलं होतं का? अम्मांनी पैसे हातात ठेवले, मी पावती दिली, सगळं रीतसर. पण त्यांनी 'दिले' का मी 'घेतले', हे मी कुणाच्या तोंडावर सांगू शकणार नाही.

कुणी म्हणेल, मग कर म्हणजे काय? तोही कुणी खुशीने देत नाही. खरं आहे. आणि इथेच माझं मत बदललं. आपल्याला वाटतं, कर म्हणजे सक्ती आणि वर्गणी म्हणजे सद्भावना. मी आता उलट म्हणेन. कराची सक्ती उघड असते, लिहिलेली असते, आणि म्हणून तिला मर्यादा असतात. आमच्या घरपट्टीचंच बघा. घराच्या वार्षिक भाडेमूल्यावर ती बसते. सहाशे रुपयांपर्यंतच्या भाडेमूल्याला माफी, पुढे १७ टक्क्यांपासून चढत चढत ३० टक्क्यांपर्यंत. म्हणजे लहान घराला कमी दर, मोठ्याला जास्त. २०१५-१६ मध्ये तर वर्षाला बाराशे रुपयांपर्यंत कर असलेल्या राहत्या घरांचा कर १०१ रुपयांवर आणला. त्यात निवडणुकीचा वास होता म्हणा, पण गरिबाला मिळालेली सूट कुणाच्या उपकाराची नव्हती, यादीत होती. आकारणी चूक वाटली तर हरकतीचा अर्ज करता येतो. त्याच घरपट्टीत आठ टक्के ग्रंथालय उपकर असतो, हे कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं. आमच्या गल्लीत वर्गणी काढून ग्रंथालय कधीच झालं नसतं.

अम्मांना हरकत कुठे घ्यायची होती? माझ्याकडे. आणि मी वसुली करणारी.

या सगळ्यानंतर मी मुलाला म्हटलं, जगात हे कसं करतात ते शोधून दे. त्याने अमेरिकेतला एक जुना निकाल काढून दिला. ओहायो राज्यातल्या नॉरवुड या गावाने बेकर नावाच्या बाईंच्या जमिनीतून रस्ता काढला. जमिनीची भरपाई ठरली दोन हजार डॉलर. मग गावाने म्हटलं, रस्त्याचा लाभ लागूनच्या जमिनीला होतो, तेव्हा खर्च त्या जमिनीच्या मालकाने द्यावा. आणि लागूनची जमीन बेकर बाईंचीच! म्हणजे त्यांना भरपाई द्यायची आणि वर खटल्याच्या खर्चासकट तीच त्यांच्याकडून वसूल करायची. १८९८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की खास लाभापेक्षा बरीच जास्त आकारणी ही त्या जास्तीच्या भागापुरती मोबदला न देता मालमत्ता काढून घेणंच आहे. वाचून मी थोडा वेळ गप्प बसले. पाठशाळेतल्या बाईंनी इंग्रजीत सांगितलं असतं तर असंच सांगितलं असतं. जर्मनीतल्या बायर्न राज्यात रस्ता नव्याने केला की लागूनच्या घरमालकांकडून त्याचा मोठा वाटा घेत. लोकांनी आरडाओरडा केला आणि २०१८ मध्ये तिथे ती वसुली बंद झाली. आता तो खर्च सगळ्यांच्या करातून.

मालकांकडून घेऊच नये असं माझं म्हणणं नाही. रस्त्यामुळे प्लॉटची किंमत वाढते आणि ती मालकाच्या खिशात जाते. तर त्याने काही द्यावं हे बरोबरच आहे. सगळं सरकारने करावं म्हणणाऱ्यांतली मी नाही. शिवाय आपण देतो तेव्हाही कशासाठी देतो ते बघावं. आमच्या मंदिरात बोलीच्या वेळी आकडे कसे चढतात ते मी लहानपणापासून बघते आहे. देवद्रव्य भरलेलं असतं, आणि त्याला दुसऱ्या कामासाठी हात लावायचा नाही. साधारण खातं मात्र, ज्यातून पहारेकऱ्याचा पगार आणि झाडलोट व्हायची, ते कायम तुटीत. मुकुटावर नाव येतं, झाडूवर येत नाही. गटाराला आणि खडीला आपणहून देणारा विरळा. आपल्या हैदराबादेत गंगाधर तिलक कटनम म्हणून रेल्वेतून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत, ते निवृत्तिवेतनाच्या पैशाने रस्त्यावरचे खड्डे बुजवत फिरतात. ते कुणाच्या भिंतीला टेप लावत नाहीत. त्याला दान म्हणावं. पण शहर काही अशा एका माणसावर चालत नाही, म्हणूनच नियम लागतो. आणि नियम करायचा तर त्यात हरकतीची जागा, सवलत आणि वरची मर्यादा हवी. आमच्या ठरावात यातलं एकही नव्हतं. हात वर केले आणि ठराव झाला. अम्मा त्या दिवशी बैठकीला नव्हत्या.

आता खरी गोष्ट सांगते, जी सांगायला इतका वेळ लावला.

कंत्राटदाराने जुना रस्ता उकरला नाही. उकरायचे वेगळे पैसे पडत होते आणि आम्ही ते वाचवले. जुन्यावरच सहा इंच सिमेंट ओतलं. गल्ली सहा इंचांनी वर आली. बाकीच्यांनी आपापल्या फाटकापाशी उतार करून घेतले. अम्मांच्या भिंतीला गल्लीकडे फाटक नव्हतं, म्हणून कुणी तिकडे बघितलं नाही. भिंतीच्या तळाशी अंगणातलं पावसाचं पाणी बाहेर जायला एक भोक होतं, तेवढंच. जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसात गल्लीचं पाणी त्या भोकातून आत गेलं. अंगण, मग तुळशीचा कट्टा, मग उंबरा. सकाळी मी गेले तेव्हा अम्मा खुर्चीवर पाय वर घेऊन बसल्या होत्या आणि तांदळाचा डबा टेबलावर ठेवला होता. मला काही बोलल्या नाहीत. "चाय पीती?" एवढंच विचारलं.

त्या गल्लीच्या रस्त्याला सगळ्यात जास्त पैसे त्यांनी दिले होते.

असोसिएशनची बैठक झाली. भिंतीच्या कडेने सिमेंट कापून नाली काढायची, खर्च चौदा हजार. लगेच कुणीतरी म्हणालं, "भिंत त्यांची, नाली त्यांच्या बाजूला, तर..." आणि टेप कुठे आहे असं विचारलं. मी त्या दिवशी पहिल्यांदा बैठकीत आवाज चढवला. घरी आल्यावर हे म्हणाले, तू एवढं कशाला बोललीस, उद्या तोंडं बघायची आहेत. फळ्याची गोष्ट मी तोवर यांनाही सांगितली नव्हती. त्या रात्री सांगितली.

नाली झाली. सात घरांनी हजार हजार दिले, उरलेले आम्ही घातले. अम्मांकडून काही घ्यायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण त्यांनी पाचशे रुपये पाठवले आणि निरोप दिला की पावती नको. त्यांचे छत्तीस हजार मात्र तसेच आहेत. परत करायचे तर कुणी किती द्यायचे, त्याचा हिशेब मी दोनदा मांडून फाडून टाकला. फुटाने मांडायचा तर त्यातही साठ फूट त्यांचेच येतात. पुढच्या बैठकीत तो विषय ठेवला आहे. अम्मांना मी बरोबर घेऊन जाणार आहे, आणि चार मजली इमारतीतलं एखादं बिऱ्हाडही, आलं तर.

नालीवरची लोखंडी जाळी बसायची आहे अजून. तोवर एक फळी टाकली आहे. स्कूटर गेली की ती खडखडते, आणि अम्मा म्हणतात, रात्री टँकरच्या वेळी झोपमोड होते.