मूळ स्थितीत

जाहिरात मीच लिहिली होती. ‘१९६६ फोर्ड मस्टँग, हार्डटॉप, सहा सिलिंडर, तीन गिअर. एकच मालक. गंज नाही. सगळं मूळ स्थितीत.’ शेवटचं वाक्य टाइप करून मी स्वतःवरच खूश झालो. पुढे त्याच वाक्यावर अडकलो.

गाडी माझी नाही. मी डेट्रॉइटजवळ भाड्याने राहतो आणि दिवसभर कोड लिहितो. शेजारच्या बाई ऐंशीच्या पुढच्या. मनातल्या मनात मी त्यांना आजी म्हणतो, तोंडावर मात्र इथल्या रीतीप्रमाणे नावानेच हाक मारतो. त्यांचे यजमान गेल्या वर्षी वारले. आता घर विकून त्या मुलीकडे राहायला जाणार आहेत आणि मुलीकडे गॅरेज नाही. “तू कॉम्प्युटरवाला, तूच टाक जाहिरात,” म्हणाल्या.

मिशिगनमध्ये हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. ते मीठ गाडीचा पत्रा खालून खात जातं. त्यामुळे इथली इतकी जुनी गाडी बिनगंजाची असेल, तर ती दर हिवाळ्यात गॅरेजमध्ये पांघरूण घेऊन झोपली होती आणि मिठात दुसरी कुठली तरी गाडी झिजत होती, हे नक्की. ती दुसरी गाडी आजी चालवायच्या. त्यांनी हे तक्रार म्हणून सांगितलं नाही. तरी ‘एकच मालक’ लिहिताना मला जरा खटकलं होतं.

फोटो काढताना गाडीचा नंबर पाहिला, ६एफ०७टीने सुरू होणारा. ६ म्हणजे १९६६, एफ म्हणजे डिअरबॉर्नचा कारखाना, ०७ म्हणजे हार्डटॉप, टी म्हणजे २०० घनइंचाचं सहा सिलिंडरचं इंजिन. इंजिनिअर माणसाला एवढं पुरतं. त्या रात्री मी दोन वाजेपर्यंत या गाडीबद्दल वाचत बसलो. आणि ‘मूळ स्थितीत’चा दुसरा अर्थ तिथे सापडला.

या गाडीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि सगळ्यांचं ऑइल एकाच मास्टर सिलिंडरच्या एकाच कप्प्यातून जातं. एक नळी कुठेही फुटली की चारही ब्रेक गेले. पट्टा फक्त कमरेचा, खांद्यावरचा नाही. स्टिअरिंगचा दांडा धडकेत दबणारा नाही. पेट्रोलच्या टाकीचा वरचा पत्रा हाच डिकीचा तळ, आणि डिकी व मागची सीट यांच्यामध्ये पोलादी भिंत नाही. यातला एकही बिघाड नाही. गाडी तशीच बनवली होती. राल्फ नेडरचं ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ आलं १९६५ साली, सुरक्षेचा कायदा झाला सप्टेंबर १९६६ मध्ये. फोर्डने १९६७च्या मॉडेलला दोन स्वतंत्र कप्प्यांचे ब्रेक दिले. आमची गाडी थोडक्यात हुकली.

म्हणजे ज्या शब्दाने किंमत वाढत होती, तोच शब्द धोक्याचाही होता. संग्राहकाला हे सांगावं लागत नाही, त्याला ते पाठ असतं. पण पहिलं गिऱ्हाईक आलं ते संग्राहक नव्हतं. पन्नाशीचा माणूस, मुलगी शाळा संपवून कॉलेजला जाणार, तिला रोज जायला-यायला भेट द्यायची होती. बॉनेट उघडून तो नुसता हसत उभा राहिला. ब्रेकबद्दल त्याने काही विचारलं नाही.

खासगी व्यवहारात इथे ‘आहे तशी’ असं लिहून दिलं, की विकणाऱ्याने खोटं बोलू नये एवढंच साधारण उरतं. मी खोटं काहीच बोललो नव्हतो. हा युक्तिवाद माझ्या ओळखीचा आहे. पुणं सोडताना मी माझी बाइक एका विद्यार्थ्याला विकली. मागचा ब्रेक पाय पूर्ण दाबल्याशिवाय लागत नसे. त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. त्याचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. बहुधा काहीच झालं नसेल. असं म्हणणं सोयीचं आहे.

सिसेरोने ख्रिस्तपूर्व ४४ मध्ये मुलाला उद्देशून कर्तव्यांवर एक पुस्तक लिहिलं. त्यात एक व्यापारी दुष्काळातल्या ऱ्होड्सला धान्य घेऊन जातो. मागून आणखी जहाजं येताहेत हे त्याला माहीत आहे. ते सांगावं का? डायोजेनिस म्हणतो, न सांगणं म्हणजे लपवणं नव्हे. अँटिपेटर म्हणतो, सांगायलाच हवं. सिसेरोही सांगण्याच्या बाजूने आहे. मलाही ते पटलं, पण एक गोष्ट सुटत नव्हती. त्या व्यापाऱ्याचं धान्य त्याचं स्वतःचं होतं. सत्याची किंमत तो आपल्या खिशातून देणार होता. मी ती आजींच्या खिशातून देणार होतो.

मी आधी आजींना विचारायला हवं होतं. विचारलं नाही, कारण त्या नको म्हणाल्या तर काय, याची भीती वाटली. त्या माणसाला फाटकापाशी गाठून सगळं सांगितलं. ब्रेक, पट्टा, टाकी.

तो गप्प झाला. दोन दिवसांनी फोन आला: गाडी घेतो, पण ब्रेक बदलून घेणार, पट्टे बसवणार, १,५०० डॉलर कमी करा. टाकीबद्दल तो काही बोलला नाही, आणि मीही पुन्हा विषय काढला नाही. आजींना सांगायला गेलो तेव्हा त्या स्वयंपाकघरात खोकी बांधत होत्या. मी नेमकं काय केलं ते अडखळत सांगितलं. त्यांनी चिकटपट्टी खाली ठेवली.

“त्याने तुला विचारलं होतं?”

“नाही.”

“मग मला तरी विचारायचंस.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, बरं केलंस. पण आईचे पैसे नव्हते ते.

बऱ्याच वेळाने आजी म्हणाल्या, दे त्याला. आणि त्याला सांग, जुना मास्टर सिलिंडर फेकू नकोस म्हणावं, डब्यात घालून गाडीबरोबरच ठेव. मग त्यांनी चिकटपट्टीचं टोक शोधायला घेतलं. नखाने ते सुटेना, तेव्हा रोल माझ्याकडे सरकवला.