कर्ता, करविता आणि प्रश्नोत्तराचा तास

आयर्लंडच्या लोकसभेत, जिला तेथे डॉल म्हणतात, परिवहनमंत्री उत्तरे देण्यास उभे राहिले म्हणजे एका विशिष्ट प्रकारच्या प्रश्नाला मिळणारे उत्तर, मंत्री बदलले, पक्ष बदलले, आघाड्या जुळल्या आणि मोडल्या, तरी फारसे बदलत नाही. अमुक वस्तीतली सकाळची बस का बंद झाली, तमुक स्थानकावर गाडी का थांबत नाही, असे सभासदाने विचारले की मंत्रिमहोदय सांगतात, हा संबंधित कंपनीच्या दैनंदिन कारभाराचा भाग असून त्यात आपल्याला हस्तक्षेप करता येत नाही. अलीकडे त्यात एवढीच भर पडली आहे की प्रश्न थेट उत्तरासाठी कंपनीकडे धाडला असून कामकाजाच्या दहा दिवसांत उत्तर न आल्यास आपल्या खाजगी कचेरीस कळवावे. उत्तर सभ्य आहे, कायद्याला धरून आहे आणि त्यात असत्य असे काहीही नाही. तरीही दर्शनशास्त्राच्या वाचकाला ते ऐकताना ओळखीच्या माणसाचा आवाज ऐकल्यासारखे वाटते. कारण घडलेल्या कर्माचा कर्ता कोण, हा जो प्रश्न आपल्याकडील आचार्यांनी शतकानुशतके चघळला, तोच येथे सरकारी गद्याचा पेहराव करून, डॉल जेथे भरते त्या डब्लिनच्या लेन्स्टर हाऊसमध्ये येऊन बसलेला असतो.

कायद्याच्या पुस्तकातून पाहिले तर कर्त्याचा शोध फार लांबू नये. मंत्री व सचिव यांच्यासंबंधीच्या 1924 च्या आयरिश कायद्याने मंत्र्याच्या हुद्द्याला, त्या हुद्द्यावरील हाडामांसाच्या माणसाहून निराळे असे कायदेशीर व्यक्तित्व दिले. माणसे येतात-जातात, हुद्दा अखंड राहतो, आणि खात्यात जे घडते ते त्या हुद्द्याच्या नावे घडते. 1937 च्या राज्यघटनेने, जिच्यातील मार्गदर्शक तत्त्वांची कल्पना आपल्या घटनाकारांनी उचलली, सरकार डॉलला जबाबदार ठरविले. परंतु वाहतुकीच्या बाबतीत मंत्री आणि बसचे चाक यांच्यामध्ये एकेक पडदा पडत गेला. 1950 साली सी. आय. ई. ही वाहतूक संस्था सरकारी मालकीची झाली. 1987 मध्ये तिच्या पोटी डब्लिन बस, बस एरन आणि आयरिश रेल्वे अशा तीन कंपन्या निघाल्या. 2009 च्या अखेरीस त्यांच्या वर राष्ट्रीय परिवहन प्राधिकरण येऊन बसले. हे सगळे जबाबदारी झटकण्यासाठीच झाले, असे मानणे अन्यायाचे होईल. ज्या देशात एकेका मतदारसंघातून तीन, चार किंवा पाच प्रतिनिधी निवडून येतात, आणि एकाच पक्षाचे दोन उमेदवारही एकमेकांच्या मतांवर डोळा ठेवून गटाराच्या झाकणापासून रस्त्याच्या दिव्यापर्यंत सर्वांचा पाठपुरावा करतात, तेथे बसथांबे मंत्र्याच्या मुठीत देणे म्हणजे बस कोठे थांबेल हे प्रवाशांवरून न ठरता मतपेटीवरून ठरू देणे होय. पडदा हवाच होता. तो पडला याविषयी माझी तक्रार नाही. पडद्याआड उभे राहून कोण काय म्हणतो, एवढाच माझा विषय.

सांख्यांचा पुरुष अकर्ता आहे. सर्व उलाढाल प्रकृतीची. पुरुष केवळ साक्षी, उदासीन, पाहणारा. पण हाच पुरुष सांख्यांनी भोक्ता मात्र मानला, आणि कर्म एकाचे व भोग दुसऱ्याचा हे कसे, या शंकेचे समाधान योगसूत्रांवरील व्यासभाष्यात एका प्रसिद्ध दृष्टान्ताने केले आहे: जय-पराजय प्रत्यक्षात योद्ध्यांच्या ठायी घडतो, परंतु त्याचा निर्देश होतो तो धन्याच्या नावाने. परिवहनमंत्र्याची भूमिका याहून अधिक नेमक्या शब्दांत मांडता येणार नाही. 2004 साली डब्लिनमध्ये लुअस ही ट्राम सुरू झाली, किंवा 1 नोव्हेंबर 2005 रोजी 34 अब्ज युरोंची दहा वर्षांची 'ट्रान्सपोर्ट 21' योजना जाहीर झाली, तेव्हा विजय धन्याच्या नावे लागला; बस चुकली की पराजय मात्र योद्ध्यांच्या हिशेबी टाकला जातो. व्यासभाष्याने धन्याला दोन्ही दिले होते.

शंकराचार्यांना हा दृष्टान्त ठाऊक होता आणि तो त्यांना पुरेसा वाटला नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायावरील भाष्यात, सर्व धर्म सोडून शरण येण्याविषयीच्या श्लोकाच्या विवेचनात, पूर्वपक्षी त्यांना सांगतो की राजा स्वतः काही न करता केवळ जवळ असण्याने योद्ध्यांकडून लढवितो, तसेच आत्म्याचे कर्तृत्वही सान्निध्यमात्राने आहे असे माना. आचार्यांचे उत्तर विलक्षण व्यवहारी आहे. राजा स्वतःही लढतो. शिवाय तो योद्ध्यांना लढावयास लावतो, त्यांना धन देतो आणि जय-पराजयाचे फळ स्वतः भोगतो. तेव्हा त्याचे कर्तृत्व गौण नसून मुख्यच आहे. आत्म्याला अकर्ता ठरविण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्या अद्वैत्यानेच राजाला मात्र ती सवलत नाकारावी, यात मला मोठे मर्म दिसते: साक्षित्वाचा अधिकार ज्याला काहीच नको आणि काहीच मिळत नाही त्याचा, नेमणूक करणाऱ्याचा, पगार देणाऱ्याचा आणि यशाचा हार गळ्यात घालून घेणाऱ्याचा नव्हे. सी. आय. ई. चे संचालक मंत्री नेमतात. तोट्यातल्या मार्गांसाठी अनुदानाची रक्कम त्यांच्याच खात्यातून जाते. शंकराचार्यांच्या तीन कसोट्यांपैकी दोन तर येथेच उतरल्या, आणि तिसरीची वृत्तपत्रातली छायाचित्रे कोणीही पाहावीत.

यावर मंत्र्यांच्या बाजूने कोणी गीताच पुढे करील. त्याच अध्यायात अधिष्ठान, कर्ता, विविध करणे, नाना प्रकारच्या चेष्टा आणि पाचवे दैव, अशी कर्माची पाच कारणे सांगितली आहेत, आणि केवळ स्वतःलाच कर्ता समजणाऱ्याची बुद्धी कच्ची ठरविली आहे. बसच्या बाबतीतही चालक, वाहन, वेळापत्रक, अनुदान आणि पाऊस ही पाच कारणे मोजता येतील. मात्र हा उपदेश कोणाला झाला ते विसरू नये. तो रणांगण सोडून जाऊ पाहणाऱ्याला, त्याने उभे राहावे म्हणून झाला. कर्तृत्व पाचांत वाटून देण्याचा हेतू अर्जुनाचा अहंकार काढणे हा होता, धनुष्य काढून घेणे हा नव्हता.

आता दुसऱ्या प्रकारचा प्रश्न. 3 डिसेंबर 2003 रोजी अर्थमंत्री चार्ली मॅक्रीव्ही यांनी अर्थसंकल्पीय भाषणात जाहीर केले की डब्लिनमधील 10,300 सरकारी जागा तीन वर्षांच्या आत देशभरातील 53 ठिकाणी हलविण्यात येतील. परिवहन खात्याच्या वाट्यालाही मुलूख आला: रस्ता-सुरक्षेचे काम मेयो काउंटीतील बॅलिना येथे, मालवाहतूकदारांच्या परवान्यांचे दप्तर गॉलवेतील लॉखरे येथे, आणि बस एरनचे मुख्य कार्यालय कॉर्कमधील मिचेल्सटाउन येथे जावयाचे होते. पहिली दोन गेली. तिसरे कधीच गेले नाही. या विषयावर प्रश्न आला की तेच मंत्री, ज्यांना बसथांब्याविषयी काही सांगता येत नव्हते, तपशिलाचे आगर होत: किती अर्ज आले, किती कर्मचारी रुजू झाले, इमारतीची निविदा कोणत्या टप्प्यावर आहे.

परंतु या तपशिलाच्या तळाशी एक चमत्कारिक तत्त्वचर्चा दडलेली होती. बदली सक्तीची नव्हती. जाण्याची इच्छा असेल त्याने अर्ज करावा, नसेल त्याने डब्लिनमध्येच दुसऱ्या खात्यात जागा घ्यावी. परिणाम असा की पद गावाला गेले आणि पदस्थ शहरात राहिला. ज्याने पंधरा-वीस वर्षे एका कायद्याची कलमे हाताळली तो दुसऱ्याच खात्याच्या फायली उघडून बसला, आणि त्याच्या मूळ खुर्चीवर गावाकडच्या घराच्या ओढीने आलेला, त्या विषयाशी कधी संबंध न आलेला माणूस बसला. आपल्याकडे पुनर्जन्म मानणारी दर्शने देह बदलला तरी संस्कार जीवाबरोबर जातात असे सांगतात. येथे देहान्तर पदाचे झाले आणि संस्कार मागे राहिले. कामाला कर्त्यापासून असे वेगळे काढता येते, एवढेच नव्हे तर ते खोक्यांत भरून मालमोटारीने पाठविता येते, ही समजूत या योजनेच्या मुळाशी होती. आणि ज्या मंत्र्याला आपण बसचे कर्ते नाही असे मनापासून वाटते, त्याला तसे वाटावे हे स्वाभाविकच म्हटले पाहिजे.

आपल्या संसदेत याच्या अगदी उलट घडलेला एक प्रसंग आहे. 1956 साली महबूबनगरजवळ रेल्वेचा भीषण अपघात झाला तेव्हा रेल्वेमंत्री लालबहादूर शास्त्री यांनी राजीनामा देऊ केला, तो नेहरूंनी स्वीकारला नाही. नोव्हेंबरात अरियालूरचा पूल खचून शंभराहून अधिक माणसे मेली, तेव्हा दिलेला स्वीकारला. नेहरूंनी त्यावेळी संसदेत स्पष्ट केले की मंत्री अपघातास कारण झाले असे आपण मानत नाही, परंतु घटनात्मक औचित्य म्हणून हा राजीनामा स्वीकारणे इष्ट आहे. रूळ शास्त्रीजींनी तपासावयाचे नव्हते, आणि डब्लिनच्या मंत्र्याच्या तोंडचा खुलासा त्यांनाही शब्दशः उपलब्ध होता.

तरी उत्तर टाळण्याची कला आपल्याकडेही आहे. महाराष्ट्राच्या विधिमंडळातील छापील प्रश्नोत्तरे ज्याने चाळली असतील त्याला 'हे खरे नाही' आणि त्याखाली 'प्रश्न उद्भवत नाही' ही जोडी परिचयाची आहे. बुद्धांनी प्रश्नांचे चार वर्ग केले होते: ज्याचे सरळ उत्तर द्यावे, ज्याची फोड करून द्यावे, ज्याला प्रतिप्रश्न करावा, आणि जो बाजूला ठेवावा. मंत्रिमंडळे या चारही वर्गांत निष्णात असतात, आणि चौथ्याविषयी त्यांना विशेष आस्था दिसते. बुद्ध प्रश्न बाजूला ठेवीत ते त्याच्या उत्तराने कोणाचेही दुःख कमी होणार नसे म्हणून. पहाटेच्या थंडीत थांब्यावर उभ्या राहणाऱ्या म्हातारीचे दुःख मात्र त्या उत्तराने बरेचसे कमी झाले असते.

नोव्हेंबर 2011 मध्ये, देश कर्जाच्या गर्तेत असताना, आयर्लंडचे सार्वजनिक खर्चमंत्री ब्रेंडन हाउलिन यांनी सरकारी जागांच्या स्थलांतराची ती योजना रद्द केली. ठरलेल्या जागांपैकी जेमतेम एक तृतीयांश प्रत्यक्षात हलल्या होत्या, आणि कचेऱ्यांसाठी विकत घेतलेले काही भूखंड तसेच पडून होते. मॅक्रीव्ही 2004 सालीच युरोपीय आयुक्त होऊन ब्रुसेल्सला गेले होते. आता त्या भूखंडांविषयी विचारावे तर कोणाला? अशा वेळी नवे मंत्री सांगतात की निर्णय आधीच्या सरकारचा. ही सबब मिलिंद राजा आणि भदन्त नागसेन यांच्या संवादात एका आंबेचोराच्या तोंडी येते: मालकाने लावले ते आंबे वेगळे, मी तोडले ते वेगळे, म्हणून मी निर्दोष. नागसेनाने मिलिंदालाच विचारले की हा मनुष्य दंडास पात्र आहे की नाही, आणि राज्यकारभाराची सवय असलेल्या त्या यवन राजाने क्षणभरही न थांबता होय म्हणून सांगितले, कारण नंतरचे आंबे आधीच्या आंब्यांपासूनच आलेले होते.