मजा नाही

बडोद्याच्या पाणीगेटबाहेर गेली चाळीस वर्षे माझे बिऱ्हाड आहे. घरात मराठी, ओट्यावर गुजराती, आणि भांडण रंगात आले की दोन्ही. सीमेवरच्या वाचकांना यात नवे ते काय? बेळगावकडे कानडी जशी मागील दाराने येऊन चुलीपाशी बसते, तशी आमच्याकडे गुजराती. पण या घरोब्याने माझ्या हातून एक चूक घडवली, आणि तिच्यातून निघालेला प्रश्न वर्षभर माझा पिच्छा सोडीत नाही.

माझा नातू सात वर्षांचा. एका जागी ठरेल तर शपथ! शाळेच्या तक्रारींना मी भीक घातली नसती. पण एका संध्याकाळी दरवाजाजवळच्या गर्दीत आजीचा हात सोडवून तो थेट रिक्षापुढे धावला. रिक्षावाल्याने करकचून ब्रेक दाबला म्हणून निभावले. मग मुलांच्या मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी गोळी दिली नाही; मुलाशी कसे वागावे, याचे धडे आम्हा मोठ्यांनाच दिले. सहा वर्षांखालच्या मुलांत तर हाच पहिला उपाय मानतात. त्याने पुरेसे भागले नाही, तेव्हा मेथिलफेनिडेट सुरू झाले.

या गोळीचा गुण तासाभरात दिसतो, आणि मोह पडतो तो तेथेच. पोर पाटावर बसून पाढे लिहू लागले, घरात पेल्याचा आवाज ऐकू येऊ लागला. मात्र डबा जसाच्या तसा परत येई, रात्री अकरापर्यंत डोळा लागत नसे. आणि तो सारखा म्हणे, "आजोबा, मला मजा नाही."

"अरे, रोज कसली मजा? अभ्यास करावा," आजी म्हणाली. मीही हसलो.

तीन आठवड्यांनी शेजारच्या बेननी ते ऐकले आणि दचकून विचारले, "छोकराने शुं थयुं छे?" तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. गुजरातीत 'मजा नथी' म्हणजे प्रकृती बरी नाही. पोराने गुजराती दुखणे मराठी शब्दांत सांगितले होते. हा प्रयोग मला ठाऊक नव्हता असे नाही. तो मराठीत बोलला म्हणून मी मराठीच ऐकले. खरे सांगायचे तर, घर शांत झाले होते आणि मला ऐकायचेच नव्हते.

मोठ्या माणसाला औषध सोसले नाही तर तो ते बंद करतो, डॉक्टर बदलतो, निदान कुरकुर तरी करतो. मुलाच्या बाबतीत गुण दिसतो आपल्याला आणि दुष्परिणाम भोगतो तो. मग हिशेब कोणी मांडायचा? १९३७ साली अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली नावाच्या डॉक्टरांनी ३० मुलांना बेन्झेड्रिन देऊन पाहिले, आणि जवळजवळ निम्म्यांच्या अभ्यासात नवल वाटावे असा फरक पडला. त्यांनी आणखी एक नोंद केली आहे: बरीच मुले भावनेने दबल्यासारखी, निवळल्यासारखी झाली. हे निवळणे कोणाच्या सोयीचे, मुलाच्या की वर्गाच्या? सयाजीरावांनी १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, त्याचा आम्हा बडोदेकरांना रास्त अभिमान आहे. पण मुलांना तासन् तास बाकावर बसवण्याचे ठरले, तेव्हाच न बसणारे मूल डोळ्यांत खुपू लागले, असेही मनात येते.

असे काही लिहिले की मला टाळ्या पडतात, आणि तेथेच मी सावध होतो. रिक्षा खोटी नव्हती. ओट्यावरचे मित्र 'आपल्या औषधांना साइड इफेक्ट नसतात' म्हणून काढे सुचवतात. ज्याचा परिणाम होतो त्याचा दुष्परिणाम होणारच नाही, हे मला पटत नाही. गोळी देण्यात पाप नाही. ती देऊन कान मिटण्यात आहे, आणि ते मी केले.

मुलाचे मत त्याच्या वयाच्या मानाने विचारात घ्यावे, असे १९८९ च्या बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे. भारताने तो १९९२ मध्ये स्वीकारला. आमच्या घरी तो गेल्या वर्षी पोहोचला. डॉक्टरांनी मात्रा उतरवली. मनाने गोळी बंद किंवा कमीजास्त करायची नाही, हेही बजावले. आता आधी पोटभर न्याहारी, मग गोळी. दुपारच्या जेवणावरून रागवायचे नाही. गोळीचा अंमल उतरल्यावर भूक लागते, तेव्हा गरम वरणभात. दर तीन महिन्यांनी वजन, उंची, नाडी, रक्तदाब. एक वही केली आहे. तिच्या डाव्या पानावर आम्ही लिहितो, उजवे त्याचे. तेथे तो दोन्ही भाषा एका ओळीत कोंबतो आणि आम्ही शुद्धलेखन तपासत नाही.

शाळेतून पुन्हा चिठ्ठी आली आहे, 'वर्गात बोलतो'. सूनबाईंनी विचारले, "बाबा, मात्रा परत वाढवायला सांगायची का?" मी उजवे पान उघडले. तेथे दुसरेच होते. उत्तरायणाच्या दिवशी गोळी नको, गोळी घेतली की पतंगात मजा येत नाही. या वेळी मजा कोणत्या भाषेतली, ते मी त्याला नीट विचारून घेतले. मराठीतलीच.

डॉक्टरांची पुढची भेट डिसेंबरात आहे. काल मी गच्चीच्या कठड्याची उंची मोजली. तो त्याच्या कमरेच्याही खाली येतो.